गुळवणीवाले साडूभाऊ

माझ्या साडूंइतका उत्तम यजमान आणि त्यांच्याइतका अवघड पाहुणा मी नागपूरपासून वाल्डॉर्फपर्यंत दुसरा पाहिलेला नाही. त्यांच्या घरी जेवायला जाणारा माणूस पायी जातो आणि त्याला गाडीत घालून परत आणावं लागतं, असं वाढतात. पण तेच साडू आपल्याकडे जेवायला येणार म्हटलं, की माझी बायको आदल्या दिवसापासून दहावीच्या परीक्षेला बसल्यासारखी वावरते. साडू म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या ताईंचे यजमान. मूळचे वाईचे. गेली बावीस वर्षं जर्मनीत, वाल्डॉर्फच्या शेजारच्या गावात स्वतःचं घर करून राहिलेले. आमचं घर तिथून गाडीनं बारा मिनिटांवर आहे. साडूंच्या मते हे अंतर फार आहे, माझ्या बायकोच्या मते फारच कमी. नोकरी म्हणाल तर दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या. या कामाचा पगार मिळतो हे जगात कोणी त्यांना सांगितलं नसतं, तरी त्यांनी हेच काम केलं असतं आणि बहुधा सुट्ट्याही घेतल्या नसत्या.

पाहुणे म्हणून आले की साडू बूट काढतात, मुलांच्या हातावर चॉकलेट ठेवतात आणि सरळ स्वयंपाकघरात जातात. तिथं भांड्यावरचं झाकण दोन बोटांनी उचलतात, वाफेला नाक देतात आणि डोळे मिटून क्षणभर थांबतात. त्या क्षणात माझ्या बायकोचा श्वास अडकलेला असतो. मग झाकण होतं तसं ठेवून साडू म्हणतात, "छान झालंय. आमच्याकडे जरा वेगळं असतं." बस, एवढंच. यात नाव ठेवलेलं नसतं, आवाज चढलेला नसतो. पण ते 'जरा' असं काही पडतं, की पुढचे चार दिवस आमच्या घरी त्या भाजीचं नाव निघत नाही. 'आमच्याकडे' म्हणजे वाईचं त्यांचं घर, आणि त्या घरातही त्यांच्या आईचा हात. सातारा जिल्ह्यातल्या इतर घरांनाही त्यात सरसकट प्रवेश नाही. एकदा त्यांच्या सख्ख्या चुलतभावानं फोनवर सांगितलं, की आमच्याकडे कटाच्या आमटीत खोबरं भाजून घालतात. साडूंनी फोन ठेवला आणि अत्यंत दुःखानं म्हणाले, "वेगळे राहायला लागल्यापासून बिघडलेत."

होळीला तर आमच्या एवढ्याशा कुटुंबात महाराष्ट्राचे तीन तुकडे पडतात. मी नागपूरचा. आमची पुरणपोळी गुबगुबीत, आत पुरण गच्च, आणि सोबत वाटीभर तूप, ज्यात पोळी नुसती लावायची नसते तर बुडवायची असते. साडू तिला 'पुरणाचा पराठा' म्हणतात आणि मला माझ्या नावानं हाक न मारता 'नागपूरकर' म्हणतात. माझी बायको आणि ताई अलिबागकडच्या. त्यांच्या माहेरी पोळीबरोबर नारळाचं दूध, गूळ घातलेलं, वेलचीचं. आणि साडूंची गुळवणी. गूळ, पाणी, दूध, सुंठ, वेलची, एवढ्या गोष्टींचं ते पातळ प्रकरण. पण साडू त्याबद्दल बोलू लागले की ऐकणाऱ्याला वाटावं, सृष्टीच्या आरंभी आधी गुळवणी होती आणि मग तिच्यासाठी दूध हवं म्हणून गाय निर्माण झाली. दर खेपेला भारतातून येताना ते हातातल्या बॅगेतून गुळाची ढेप आणतात. फ्रांकफुर्टच्या विमानतळावर कस्टमच्या माणसानं एकदा ती ढेप हातात घेऊन हे काय म्हणून विचारलं, तर साडूंनी त्याला वीस मिनिटं सांगितलं. शेवटी त्या माणसानंच हात जोडले म्हणतात.

जर्मन लोकांबद्दल मात्र साडूंना मनापासून आदर आहे, आणि तो त्यांच्या मोटारींमुळे नाही. त्यांच्या शेजारी एक आजीबाई राहतात, हाम्बुर्गच्या; पन्नास वर्षांपूर्वी लग्न होऊन इकडे दक्षिणेत आल्या. त्या बटाट्याच्या सॅलडमध्ये मेयोनेझ घालतात. या भागात ते गरम रस्सा ओतून करतात. पन्नास वर्षं झाली तरी गावच्या समारंभात त्यांच्या भांड्याकडे बायका तिरक्या नजरेनं बघतात, आणि आजीबाई दरवर्षी तेच भांडं तितक्याच ताठ मानेनं नेऊन ठेवतात. हे कळलं त्या दिवशी साडू भारावून गेले. "गेनाऊ! अगदी बरोबर!" ते म्हणाले. "याला म्हणतात संस्कृती, नागपूरकर!" इथल्या चर्चमध्ये ऑक्टोबरात सुगीचे आभार मानायचा सण असतो. वेदीसमोर भोपळे, द्राक्षं, पाव, कणसं मांडतात. साडूंनी पहिल्या वर्षी ती मांडणी नीट पाहिली आणि पाद्रीबुवांना अदबीनं सांगितलं, की सगळं उत्तम आहे, फक्त नारळ राहिलाय. दुसऱ्या वर्षी स्वतःच नेऊन ठेवला. आता दर ऑक्टोबरात भोपळ्यांच्या मधोमध एक शेंडीवाला नारळ असतो, आणि गावातली लहान मुलं त्याला मुळातच बायबलमधला समजतात.

अशा माणसाच्या एकुलत्या एका मुलीनं, सईनं, आखनला इंजिनीअरिंग शिकताना एक अमेरिकन मुलगा पसंत केला. इथन त्याचं नाव. शांत, उंच, आणि साडूंनी वाढलेलं सगळं न बोलता खाणारा. त्यामुळे त्याच्यावर हरकत घ्यायला साडूंना जागाच सापडेना. मग त्याचे आईवडील नोव्हेंबरात मुलाला भेटायला आणि आम्हाला बघायला येणार असं ठरलं. त्याच आठवड्यात त्यांचा थँक्सगिव्हिंगचा, अख्खा टर्की पक्षी भाजून खायचा सण पडत होता. ताई म्हणाल्या, "आपल्याकडेच करू. त्यांनाही घरच्यासारखं वाटेल." साडूंनी विचारलं, सण कधी. सई म्हणाली, गुरुवारी. नेहमी गुरुवारीच असतो.

साडू एरवी मटणाच्या रश्श्यावर व्याख्यान देतील, पण गुरुवार पाळतात. गुरुवारी त्यांच्या घरात अंडंसुद्धा फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात सरकतं. सईनं भीत भीत विचारलं, की शनिवारी करायचं का. तर इथनच्या वडिलांचा निरोप आला, की शनिवारी केला तर तो सण कसला, नुसतं जेवण. हे वाक्य ऐकून साडूंनी मान वर केली. अनोळखी माणसाबद्दल त्यांच्या डोळ्यांत इतका आदर मी पहिल्यांदा पाहिला. "आल्झो, तर मग बरोबर आहे त्यांचं," ते म्हणाले. "टर्की भाजू दे. मी खाणार नाही, पण ओव्हन जर्मन आहे, त्याला गुरुवार नसतो."

इथनचे वडील जॉर्जियाचे, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतले. दाराच्या चौकटीत मावणार नाहीत असे, आणि आवाज त्याहून मोठा. आई पेनसिल्वेनियाची, बारीक, हसरी, हळू बोलणारी. तिचे पूर्वज काही पिढ्यांपूर्वी ऱ्हाईनपलीकडच्या फाल्त्स भागातून, म्हणजे आमच्या इथून तासाभरावरूनच, गेलेले. बॅगा उघडल्या तेव्हा वडिलांच्या बॅगेतून कपड्यांच्या आधी दोन पिशव्या मक्याचं पांढरं पीठ निघालं. युरोपातल्या पिठाची त्यांना खात्री नव्हती. साडूंनी पिशवी हातात घेतली, चिमूटभर पीठ बोटांवर चोळून बघितलं, कपाटातून आपली गुळाची ढेप काढून त्यांच्यासमोर ठेवली. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. जत्रेत हरवलेले भाऊ भेटावेत तसं ते दृश्य होतं. संध्याकाळपर्यंत दोघांची अशी गट्टी जमली, की एक म्हणे आमच्याकडे असं, दुसरा म्हणे आमच्याकडे तसं, आणि दुसऱ्याचं कोणीच ऐकत नसल्यामुळे भांडणाचा प्रश्नच नव्हता.

गुरुवारी मी अर्धा दिवस रजा टाकून बायकोला घेऊन दुपारी तिथं पोचलो. टर्की ओव्हनमध्ये होती. खाटकाकडे तीन आठवडे आधी सांगून आणलेली; ओव्हनचं दार लागायला साडूंनी गुडघा लावला होता असं सई म्हणाली. आणि स्वयंपाकघरात ओट्यावर दोन भांडी शेजारी शेजारी होती. एकात इथनच्या वडिलांचं मक्याच्या पावाचं सारण, त्यांच्या आईच्या पद्धतीचं. दुसऱ्यात इथनच्या आईचं बटाट्याचं सारण, पावाचे तुकडे आणि सेलरी घातलेलं, तिच्या आईच्या पद्धतीचं. दोन्ही टर्कीसोबत खायची, दोन्ही शेवटचा तासभर भाजायची. इथननं मला हळूच सांगितलं, की लहानपणापासून तो ताटात दोन्ही एकेक चमचा घेतो, अगदी सारखे, कारण दोन्हीकडून लक्ष असतं. तिथं त्यांच्या घरी दोन ओव्हन आहेत. एकतीस वर्षांच्या त्या संसाराची शांतता या दोन ओव्हनांवर उभी होती. इथं ओव्हन एक, आणि टर्कीच्या खाली जागा एका भांड्यापुरती.

आधी हसतहसत बोलणं झालं. वडील म्हणाले, मक्याचं सारण गरम गरमच हवं. आई म्हणाली, बटाट्याचंही. मग हसणं कमी झालं. वडील म्हणाले, या वर्षी माझी आई नाही, तिच्याशिवायचा हा पहिलाच सण आहे. आई म्हणाली, माझ्या आईला जाऊन नऊ वर्षं झाली, तेव्हा तर कोणी असं म्हटलं नव्हतं. हे ती इतकं हळू म्हणाली, की सगळ्यांना ऐकू आलं. सई वैतागून जर्मनमध्ये म्हणाली, "पापा, दास इस्ट डोख नूर फ्युलुंग!" म्हणजे हे नुसतं सारण आहे हो. इथन पांढरा पडला होता. आपले आईबाप आपापसातच असे भांडले, तर सईच्या आईबापांचे व्याही काय होणार, हे त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. शेवटी वडील साडूंना म्हणाले, घर तुमचं आहे, तुम्ही ठरवा.

साडूंच्या आयुष्यातला हा सर्वोच्च क्षण. स्वयंपाकाच्या बाबतीत इतकी वर्षं न मागता दिलेला निकाल आज त्यांना कोणीतरी मागितला होता. ते ओट्याला टेकले, चष्मा पुसला आणि अत्यंत समजूतदार आवाजात इंग्रजीत म्हणाले, की लग्नानंतर सण सासरचा होतो, आमच्याकडे असंच आहे, तेव्हा मक्याचं भांडं ओव्हनमध्ये जाऊ दे.

इथनच्या आईनं एप्रन सोडला, त्याची नीट घडी घातली, खुर्चीवर ठेवली आणि मागचं दार उघडून बागेत गेली. नोव्हेंबरात, कोट न घालता.

तेव्हा ताई बोलल्या. त्या इतका वेळ टेबलाशी बसून बीन्स निवडत होत्या. ताई म्हणजे आमच्या घरातली सर्वात कमी बोलणारी व्यक्ती. साडूंच्या घरात दुसऱ्या कोणाला बोलायला वेळच उरत नाही, असं मी समजत होतो.

"अहो," त्या म्हणाल्या. "मला गुळवणी आवडत नाही."

"काय?"

"आवडत नाही. पहिल्या होळीपासून. अठ्ठावीस वर्षं करते आहे. अगदी आईंसारखी होते म्हणून सगळे नावाजतात. माझ्या वाटीत कधी वाढून घेतलेली पाहिलीत?"

मी आठवू लागलो. दर होळीला ताई माझ्या तुपाच्या वाटीतून चमचाभर तूप मागून घेतात, "नागपूरची चव बघते" म्हणून. मला ते कौतुक वाटायचं.

"पण... तू कधी बोलली नाहीस," साडू म्हणाले.

"तुम्ही कधी विचारलं नाहीत. तुम्ही सांगत होतात." एवढं बोलून ताईंनी खुंटीवरचे दोन कोट घेतले, एक अंगात घातला, एक हातात घेतला, आणि त्याही बागेत गेल्या.

मराठी न कळणाऱ्या इथनच्या वडिलांनाही काय झालं ते कळलं असावं, कारण तो एवढा मोठा माणूस खुर्चीत अचानक लहान दिसायला लागला. खिडकीतून दिसत होतं, ताईंनी तिच्या खांद्यावर कोट घातला होता आणि दोघी सफरचंदाच्या झाडाखाली पाठमोऱ्या उभ्या होत्या. बोलत होत्या की नाही, कोण जाणे. साडू खिडकीपाशी किती तरी वेळ उभे राहिले. मग वळले, बटाट्याचं भांडं दोन्ही हातांनी उचललं आणि मला म्हणाले, "नागपूरकर, दार उघडा."

आम्ही शेजारच्या आजीबाईंकडे गेलो. साडूंनी ओव्हन तासभर उसना मागितला. आजीबाईंनी भांड्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, की माझी सासू याच भागातली, ती हंसात असं बटाट्याचं सारण भरायची, पण बाय उन्स त्यात पाव नसतो. बाय उन्स म्हणजे आमच्याकडे. मी साडूंकडे पाहिलं. एरवी या वाक्यावर दोघांची तासभर मैफल जमली असती. साडू जर्मनमध्ये नुसतं "या, या", म्हणजे हो, हो, एवढंच म्हणाले, ओव्हनसमोर स्टूल ओढून बसले आणि काचेतून आत बघत राहिले. पूर्ण तासभर. मधे एकदाच म्हणाले, "वरून लाल व्हायला लागलंय," आणि ते मला सांगत नव्हते.

जेवणाच्या टेबलावर त्यांनी ते भांडं टर्कीच्याही आधी, मधोमध ठेवलं आणि इथनच्या आईला म्हणाले, की मी चुकीचा निकाल दिला. दिलेला निकाल मागे घेताना मी त्यांना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. त्यांना ते जमेनाही, इंग्रजी अडखळत होतं. टर्कीला त्यांनी हात लावला नाही. सारणात मांसाचा रस्सा नव्हता, पण अंडी होती. साडूंनी एक क्षण भांड्याकडे पाहिलं, आणि वाढून घेतलं. मग दुसऱ्यांदा घेतलं आणि विचारलं, की हे तुम्हाला कोणी शिकवलं. ती सांगू लागली. आई दुधाच्या डेअरीत कामाला होती, सणाच्या आदल्या दिवशी थकून यायची आणि बटाटे सोलता सोलता झोपायची, मग उरलेले ही मुलगीच सोलायची. सात वर्षांची होती तेव्हा. इथनचे वडील काटा खाली ठेवून ऐकत होते. म्हणाले, हे मी पहिल्यांदा ऐकतोय. त्यावर तिनं त्यांच्या ताटात आपणहून मक्याचं सारण वाढलं.

सई आणि इथनचं लग्न पुढच्या उन्हाळ्यात इथल्या स्टांडेसआम्टमध्ये, म्हणजे विवाह नोंदणीच्या कचेरीत झालं, आणि व्याही-विहीण अजून एकमेकांना दर रविवारी फोन करतात. पण त्याच्याआधी होळी आली. होळीच्या आदल्या रविवारी साडू एकटेच आमच्याकडे आले. कधी न सांगता येत नाहीत, म्हणून बायको घाबरली. स्वयंपाकघरात न जाता ते बाहेरच्या खोलीत सोफ्याच्या कडेवर बसले, आणि बऱ्याच वेळानं बायकोला म्हणाले, "तुमची ताई लहानपणी काय आवडीनं खायची हो?"

बायकोनं आधी माझ्याकडे पाहिलं. मग ती सांगायला लागली, आणि सांगतच राहिली. आंबोळ्या. ओल्या काजूची उसळ. फणसाच्या आठळ्या भाजून. होळीला नारळाच्या दुधाची पातेली रिकामी झाली की ताई बोटानं कडा पुसून खायची आणि आईच्या हातचा मार खायची. साडू ऐकत होते. मधे एकदाच विचारलं, "दूध पहिलं काढलेलं घ्यायचं, की दुसरंही?"

होळीला आम्ही त्यांच्याकडे होतो. पोळ्या ताईंनी केल्या होत्या. नारळाचं दूध साडूंनी. त्यांनी ते जोरानं उकळलं असावं, कारण ते थोडं फाटलं होतं आणि वर तेलाचे ठिपके दिसत होते. ताईंनी पोळीचा तुकडा बुडवून खाल्ला. त्यांनी दुसरा तुकडा खाल्ला, मग वाटी तोंडाला लावली, आणि ती खाली ठेवताना म्हणाल्या, "वेलची जास्त झालीये." आणि पदरानं डोळे पुसत हसल्या.

जेवणं झाल्यावर मी आणि साडू मागच्या पायरीवर बसलो. झाडाला अजून पालवी नव्हती. आतून दोघी बहिणींचं बोलणं ऐकू येत होतं, अलिबागच्या कोणा शेजारणीबद्दल. ताई मोठ्यानं हसत होत्या. साडू ते ऐकत बसले. मग म्हणाले, "अठ्ठावीस होळ्या गेल्या हो, नागपूरकर. अठ्ठावीस."

मी म्हटलं, "पुढच्या होळीला आच मंद ठेवा, फाटणार नाही."

"हो," साडू म्हणाले. "मंदच ठेवायला हवी."